मांडव उतरेपर्यंत

मांडव अजून उभा होता, आणि तेच जिजाला सकाळपासून टोचत होतं.

हायवेलगतच्या हॉस्पिटलात, अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराबाहेर, लोखंडी खुर्च्यांच्या रांगेत ती मथुराच्या शेजारी बसली होती. मथुराच्या मनगटांवर लग्नघरचा हिरवा चुडा तसाच होता. लेक रचना सासरी गेली त्याला आठवडाही झाला नव्हता. आणि आज दाराच्या आत मथुराचा नवरा श्रीपत यंत्राच्या श्वासावर पडला होता. खाडीला भरती यावी, ओहोटी यावी, तशी छाती वर जात होती, खाली येत होती. माणूस मात्र त्यात कुठंच नव्हता.

जूचंद्रात, त्यांच्या गावी, हल्ली लग्नाचा मांडव कंत्राटदार घालतो आणि कंत्राटदारच नेतो. कापड, पंखे, खुर्च्या, सगळं टेम्पोत भरून जातं. पण पहिली मेढ आणि तिच्या डोक्यावर बांधलेली उंबराची फांदी, ती मात्र लग्नानंतर पाचव्या दिवशी घरच्या धन्यानं स्वतःच्या हातानं उतरवायची. काल सकाळी श्रीपत त्यासाठी शिडीवर चढला. जिजा खाली उभी होती, कारण फांदी उतरताना धवला गायचा असतो आणि गावची धवलारीण तीच. लग्नात धवले गाऊन देवांना आवतण द्यायचं आणि पाचव्या दिवशी गाऊनच त्यांना माघारी पाठवायचं, हे तिचं काम, सासूकडून आलेलं. तिनं गळा साफ केला, पहिला शब्द ओठावर घेतला, आणि शिडी सरकली. श्रीपतचं डोकं ओट्याच्या दगडी कडेवर आपटलं.

आज सकाळी सातला मोठे डॉक्टर बाहेर आले होते. मेंदू संपलाय, म्हणाले. छाती चालते ती यंत्रामुळं. कायद्यानं सहा तासांनी पुन्हा एकदा तपासायचं, दुसऱ्यांदाही तेच आलं की माणूस गेला असं लिहायचं. दुसरी तपासणी दुपारी एकला.

त्यांच्या मागं एक सावळी, उंच मुलगी उभी होती. फेलिशिया, भुईगावची. हॉस्पिटलात अवयवदानाचं काम बघते. ती हळू आवाजात म्हणाली, "एकनंतर मला तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. आत्ता काही नाही. तुम्ही आधी बसा."

पण श्रीपतचा थोरला भाऊ काशिनाथ, त्याला तेवढं पुरलं. आयुष्य मिठागरावर काढलेला माणूस, बोलणंही खारट. "समजलं. आमच्यात तसलं काय नसतं, बाय. एक वाजला का यंत्र काढा. आमचा मानूस आमी अख्खा घेवून जानार."

फेलिशियानं मान डोलावली आणि ती डॉक्टरांच्या मागून आत गेली.

तेव्हापासून घड्याळाचा काटा आणि मथुराचं बोलणं, दोन्ही एका लयीत चाललं होतं. मथुरा रडत नव्हती. दर थोड्या वेळानं तेच म्हणत होती.

"मना काहीतरी सांगायचं होतं त्याला, जिजा. आठ दिस बोलत होता. मांडव उतरू दे, मंग तुना एक सांगतो. काल शिडीवर पाय ठेवताना पन बोलला. आज सांगतो. आनि अर्धंच ऱ्हायलं."

दर वेळी जिजा मान फिरवून काचेच्या दाराकडं बघत होती.

कारण श्रीपतला काय सांगायचं होतं, ते जिजाला ठाऊक होतं.

*

श्रीपतची रिक्षा. गेली चार वर्षं आठवड्यातून तीनदा ती रिक्षा जिजाच्या दारात यायची आणि तिच्या अल्पेशला आचोळ्याच्या डायलिसिस सेंटरवर न्यायची. अल्पेश चौतीस वर्षांचा. दोन्ही किडन्या गेलेल्या. बाप आधीच वारलेला. जिजाची किडनी द्यायची तर तिला साखरेचा आजार, डॉक्टरांनी नको म्हटलं. राहिली ती यादी. ज्यांनी मरताना अवयव दिले त्यांच्या अवयवांसाठी जे थांबलेत त्यांची यादी. अल्पेशचं नाव तिच्यात होतं आणि फोन रात्रंदिवस उशाशी होता.

रचनाच्या लग्नाची मेढ रोवायच्या आदल्या दिवशी श्रीपत अल्पेशला सोडायला आला आणि ओटीवर टेकला. जिजानं पाणी दिलं. तो प्यायला, मिशा पुसल्या, आणि शर्टच्या खिशातून एक कार्ड काढून तिच्यापुढं धरलं.

"वयनी, मी एक काम करून आयलोय. अल्पेशच्या फोनवरनं फारम भरला, आनि त्याचं हे कार्ड. मी मेलो का माझं काय काय चालन्यासारखं असल ते काढून घ्यायचं."

जिजानं कपाळाला हात लावला. "उद्या तुझ्या दारात मेढ, आनि आज हे सुचलं तुना?"

"चार वर्षं त्या बाकड्यावर बसतोय, वयनी. आत अल्पेश, भायेर मी. शेजारच्या खाटेवरचा तो नायगावचा मास्तर, यादीत नाव लावून गेला. पलीकडच्या खाटेवरची ती पोर, ती पन गेली. मी भायेर बसून काय करतो, तं पेपर वाचतो." मग तो हसला. "आपन गारी भंगारात देतो ना, तवा टायर काढून ठेवतो, बॅटरी काढून ठेवतो. कोनाच्यातरी कामाला येल म्हनून. मंग मी काय गारीपेक्षा वायट हाय?"

"तुझी बॅटरी कोन घेल?" जिजानं त्याच्या खिशातल्या विडीच्या बंडलाकडं बोट केलं. "इरी वढून वढून काली झाली आसल."

"तं टायर घ्या. टायर चांगले हायत."

अल्पेश आतून हसला होता. जिजा मात्र हसली नाही. लग्नघर म्हणजे भरला कळस. तिची सासू सांगायची, एकदा देवांना आवतण गेलं की मांडव उतरेपर्यंत त्या घरात मरणाचा शब्द निघता कामा नये. निघाला तर आलेले देव अर्ध्या पानावरून उठतात. जिजानं चाळीस वर्षं तो नियम पाळला होता आणि दुसऱ्यांकडून पाळून घेतला होता.

"मथुराला बोललास?"

"आज घरी गेलो का सांगनार. सेंटरवर म्हायती द्याला येते ती फेलिशियाबाय बोलली, कार्ड असून भागत नाय, घरच्यांना म्हायती पायजे. सही तेच करतात."

"आज नाय," जिजा म्हणाली होती. "उद्या मेढ हाय. मांडव उतरेपर्यंत हा शब्द तुझ्या उंबऱ्याच्या आत न्यायचा नाय. मी सांगते म्हनून नाय न्यायचा."

श्रीपतनं कार्डाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. गावात काशिनाथला उलट बोलणारा हा माणूस, पण धवलारणीचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

"मंग हे घरात कसं ठेवू?"

"मना दे. मांडव उतरला का घेवून जा."

तिनं ते कार्ड आपल्या पेटीत ठेवलं. हळदीची पुडी, अक्षतांचा डबा, सासूचं जुनं लुगडं, आणि त्या लुगड्याच्या घडीत श्रीपतचं मरण.

*

साडेदहा वाजले. अल्पेश जिन्याच्या पायरीवर बसला होता, पाय सुजलेले, चप्पल काढून ठेवलेली. आज त्याचाही डायलिसिसचा दिवस. दोनला आचोळ्याला पोचायचं होतं आणि नेणारा आत पडला होता.

जिजा त्याच्या शेजारी बसली.

"कार्ड पेटीत हाय," ती म्हणाली.

"माहिती आहे."

"मंग?"

"मग काय, आई? मी सांगू? 'काकांनी माझ्या फोनवरून फॉर्म भरला, माझ्या आईकडं कार्ड ठेवलं, आता त्यांच्या किडन्या द्या'? ऐकायला कसं वाटतं बघ. उद्यापासून गावात तोंड दाखवता येणार नाही." त्यानं सुजलेल्या पावलावर अंगठा दाबला; खळगा पडला आणि तसाच राहिला. "आणि मला खरंच काय वाटतं ते सांगू? सकाळी डॉक्टर बोलले ना, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? काका गेले, हा नाही आला. माझी मलाच किळस आली. तू गप्प बस. एक वाजू दे. होऊन जाऊ दे."

जिजा त्याच्या पावलावरचा तो खळगा बघत राहिली. तिच्या डोक्यातही पहिला विचार तोच आला होता.

तिनं हिशेब मांडून पाहिला. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. मथुरा जन्मभर विचारत राहील, त्याला काय सांगायचं होतं, आणि जिजा जन्मभर तिच्या शेजारी राहून ऐकत राहील. बोललं तर गाव तिला काय म्हणेल ते तिला तोंडपाठ होतं. दोन्हीकडं काटेच. पण एका बाजूला श्रीपत होता. बोलायला निघालेला, आणि तिच्या सांगण्यावरून थांबलेला.

आणि मांडव अजून उभा होता. उंबराची फांदी अजून मेढीवर होती. देव गेलेले नव्हते. त्या घरापुरता मरणाचा शब्द अजूनही बांधलेलाच होता, आणि ती गाठ बांधणारी तीच होती.

जिजा उठली.

"कुठं चाललीस?"

"मांडव उतरवायला."

*

जूचंद्रात पोचायला अर्धा तास लागला. साडेअकराचं ऊन अंगणात पसरलं होतं. कंत्राटदाराची माणसं काल अर्धवट काम टाकून निघून गेली होती. निम्मं कापड खाली, निम्मं वर, लोंबणारं. रचनाच्या वरातीसाठी गावच्या मुलांनी काढलेली रांगोळी, त्यासाठीच तर जूचंद्र नावाजलेलं, नवरीचा हुबेहूब चेहरा. काल धावपळीत कुणाकुणाचे पाय तिच्यावरून गेले होते. आता फक्त एक डोळा आणि अर्धी नथ उरली होती. घरात कोणी नव्हतं. शिडी भिंतीला टेकवून ठेवलेली. ओट्याच्या कडेवरचा डाग कुणीतरी धुतला होता, पण नीट नाही.

मेढीला परक्यानं हात लावायचा नसतो. धवलारणीनं तर नाहीच. तिनं फक्त गायचं. जिजानं पदर खोचला आणि शिडी मेढीला लावली. साठीचे गुडघे, दोन पायऱ्यांवरच थरथरले. खाली धरायला कोणी नव्हतं. तिनं वर बघितलं आणि गायला सुरुवात केली, कारण गायलं की तिचे पाय थरथरत नाहीत, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

आयल्या देवांनो, माघारी जावा,
मांडवाचा मान पदरी घ्यावा.
धरतरी माते, तुझी तू पसर,
खाडीच्या वाऱ्या, वाट तू धर.
हलद वालली, अक्षता सरल्या,
बांधल्या गाठी आता सोडल्या.

फांदी सुकली होती. सुतळीची गाठ श्रीपतनंच मारलेली, रिक्षावाल्याची गाठ, घट्ट. नखं लावून लावून सुटेना. जिजानं दात लावले. तोंडात सुतळीचा, धुळीचा, कडवट चिकाचा स्वाद आला. शेवटी गाठ सुटली आणि फांदी तिच्या हातात आली तेव्हा शेजारच्या घराच्या खिडकीत कुणीतरी उभं असल्याचं तिला दिसलं. दिसू दे.

खाली उतरून तिनं फांदी तुळशीपाशी ठेवली. घरी गेली, पेटी उघडली, लुगड्याच्या घडीतून कार्ड काढलं. त्याला हळदीचा पिवळा डाग लागला होता. तिनं तो पुसला, गेला नाही.

परतीच्या वाटेवर फाट्यावर कंटेनर आडवा झाला होता. रिक्षा पंधरा मिनिटं जागची हलली नाही. बारा पन्नास. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. जिजा उतरली, पैसे त्याच्या हातात कोंबले आणि गाड्यांच्या मधून चालायला लागली. मागून तो ओरडला, "मावशी, लांब आहे," आणि तिनं फक्त हात हलवला.

*

ती पोचली तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

खुर्च्यांची रांग रिकामी होती. कोपऱ्यातल्या छोट्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून काशिनाथचा आवाज येत होता. "झालं ना तुमचं दुसऱ्यांदा? मंग कागद द्या. पोलिसांचं काय ते करा आनि सोडा आमाला."

जिजा दार ढकलून आत गेली. टेबलाच्या पलीकडं फेलिशिया. अलीकडं मथुरा, रचना, काशिनाथ. रचनाच्या हातावरची मेंदी अजून लाल होती. भिंतीला टेकून अल्पेश उभा होता. आईला बघून त्यानं मान खाली घातली.

जिजानं कार्ड टेबलावर ठेवलं. धाप लागली होती, पण ती थांबली नाही.

"हे श्रीपतचं हाय. त्यानं फारम भरलावता. मेल्यावर अवयव द्यायचे म्हनून. मेढीच्या आदल्या दिवशी मना ठेवायला दिलं."

फेलिशियानं कार्ड उचललं, तारीख बघितली, काही न बोलता मथुरापुढं ठेवलं. पण त्याआधी काशिनाथचा हात पडला. त्यानं कार्ड उलटसुलट केलं.

"तुझ्या घरात होतं?"

"पेटीत."

"भरलं कोनी?"

"माझ्या फोनवरून," अल्पेश म्हणाला. "काकांनी सांगितलं तसं मी टाईप केलं."

काशिनाथ हसला, आणि ते हसू बघवत नव्हतं. "कार्ड हिच्या पेटीत. फोन हिच्या पोराचा. आनि किडनी कोनाला पायजे, तं हिच्याच पोराला. आमी काय दुधखुले हाव? जिजा, गिधाड पन जीव जायाची वाट बघतं."

फेलिशिया म्हणाली, "काका, एक सांगते. कुणाला मिळणार ते हे कार्ड ठरवत नाही, मीही ठरवत नाही. यादी ठरवते. रक्तगट, किती दिवस थांबलेत, कुठे थांबलेत. शेजाऱ्याचं नाव सांगून काही मिळत नाही."

"तुमी तेच बोलनार."

"मी नाही घेणार," अल्पेश एकदम म्हणाला. "फोन आला तरी नाही जाणार. लिहून देतो."

जिजानं त्याच्याकडं वळून बघितलंही नाही. बघितलं असतं तर तिचा धीर सुटला असता.

"दादा, तुमी बरोबर बोललात," ती काशिनाथला म्हणाली. "माझ्या पोराला पायजे. चार वर्षं मी देवीपाशी तेच मागते. आनि मागताना मना कधी कललं नाय, का मी कोनाच्यातरी घरातलं मानूस मागते. आज सकाली कललं. मी बोलनारच नव्हते. पन मथुरा सकालपासून इचारते, त्याला काय सांगायचं होतं." तिनं काशिनाथच्या हातातल्या कार्डाकडं बोट केलं. "हे सांगायचं होतं. त्याच दिवशी सांगनार होता. मी नको बोलले. लग्नघरात मरनाचा शब्द नको, मांडव उतरेपर्यंत थांब, असं मीच बोलले. माझ्या शब्दाखातर थांबला तो. आत्ता घरी जावून मांडव उतरवला मी. फांदी तुलशीपाशी हाय. आता बोलाला मोकली झाले."

"मेढीला तू हात लावलास?" काशिनाथचा आवाज चढला. "घरधन्याच्या मेढीला?"

"दादा, जरा थांबा."

ही मथुरा होती. लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षांत तिनं थोरल्या दिराचं बोलणं कधी तोडलं नव्हतं. काशिनाथ थांबला, बहुतेक नवलानंच.

मथुरानं कार्ड त्याच्या हातातून घेतलं. फोटो बघितला. मग जिजाकडं बघितलं, आणि त्या नजरेत अजून काही ठरलेलं नव्हतं.

"आठ दिस मना झोप नाय. मना वाटलं, गारी विकली का काय. नायतर कोनाला शेताचं लिहून दिलं. लगीन माझ्या लेकीचं, आनि मी आतल्या आत जलत होते." तिनं श्वास घेतला. "काय बोलला तो? त्याच्याच शब्दात सांग. तुझं एक पन घालू नको."

जिजानं डोळे मिटले. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द जसेच्या तसे जपून गायलेली बाई ती.

"बोलला, आपन गारी भंगारात देतो तवा टायर काढून ठेवतो, बॅटरी काढून ठेवतो. मंग मी काय गारीपेक्षा वायट हाय? मी बोलले, तुझी बॅटरी इरी वढून काली झाली आसल. तं बोलला, मंग टायर घ्या. टायर चांगले हायत."

मथुराच्या घशातून एक आवाज निघाला. आधी कळेना, हसू की हुंदका. मग ती टेबलावर वाकली आणि सकाळपासूनचं सगळं रडणं एकदम आलं. काचेचा चुडा टेबलावर आपटत होता.

"हा त्याचाच बोल," ती म्हणत होती. "मेल्याचा हा त्याचाच बोल."

काशिनाथनं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मग पाठमोराच म्हणाला, "फाडतील त्याला. आनि दहाव्याला पिंडाला कावला नाय शिवला तं? अर्ध्या अंगाच्या मानसाला कावला शिवतो का?"

मथुरानं डोळे पुसले. "कावला कवा शिवत नाय, दादा? इच्छा अर्धी ऱ्हायली तं शिवत नाय. ही त्याची इच्छा. हीच अर्धी ऱ्हायली, तं मी पिंडापुढं बसून काय कबूल करू?"

काशिनाथ वळला आणि खुर्ची ओढून बसला.

रचनानं फेलिशियाला विचारलं, अगदी बारीक आवाजात, "बाबांना दुखेल का?"

"नाही. दुखण्याच्या पलीकडं गेलेत ते. ऑपरेशन असतं तसंच असतं, नीट शिवून देतात. चेहरा आहे तसाच राहील. मी स्वतः शेवटपर्यंत थांबते त्यांच्यापाशी."

रचनानं मान डोलावली. मग ती भिंतीपाशी अल्पेशकडं गेली. "आणि तू. बाबा चार वर्षं तुला घेऊन गेले ते तू असं लिहून द्यावंस म्हणून नाही. फोन आला तर जायचं. नाही आला तर नाही. कळलं?"

अल्पेशनं होकारार्थी मान हलवली.

मथुरानं सही केली. शाळा चौथीपर्यंत झालेली. अक्षरं सावकाश, एकेक करून उतरली. तिच्या शेजारी रचनानं केली. साक्षीदाराच्या जागी फेलिशियानं काशिनाथपुढं पेन धरलं. त्यानं ते हातात घेतलं, खूप वेळ तसंच धरून ठेवलं, आणि मग केली.

अल्पेश दुसऱ्या रिक्षेनं आचोळ्याला गेला. संध्याकाळी श्रीपतला ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा हॉस्पिटलातल्या नर्स, वॉर्डबॉय, डॉक्टर वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, पण जिजा खाटेबरोबर चार पावलं चालली आणि ओठातल्या ओठात म्हणत गेली: मांडवाचा मान पदरी घ्यावा. दार मिटलं.

*

दुसऱ्या दिवशी श्रीपत घरी आला. अंगावर पांढरी पट्टी, बाकी तसाच. मिशाही तशाच. बघायला आलेल्या बायका आधी चादरीकडं बघायच्या, मग चेहऱ्याकडं, आणि मग गप्प व्हायच्या. फेलिशियानं एवढंच सांगितलं होतं की पाच जणांना मिळालं, शिवाय दोघांना डोळे. नावं सांगत नाहीत.

अल्पेशचा फोन उशाशी होता. तो वाजला नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. जिजानं दर तासाला तो बघितला आणि दर वेळी स्वतःला विचारलं, वाईट वाटतंय का. वाटत होतं. आईच ती. पण त्या वाईट वाटण्यात आता चोरी नव्हती.

सोमवारी दुपारी ती अल्पेशला घेऊन रस्त्याला उभी होती. रिक्षा मिळत नव्हती. गावातली माणसं बघून जात होती. काही बोलत होती, काही नाही. शेजारच्या खिडकीतल्या बाईनं मेढीची गोष्ट घरोघर पोचवली होती.

एक रिक्षा समोर येऊन थांबली. श्रीपतची. आरशाला रचनाच्या लग्नातलं तोरण अजून लोंबत होतं. गाडीच्या मुठीवर काशिनाथचे हात होते, मिठानं चिरलेले.

"बसा," तो म्हणाला.

जिजा जागची हलली नाही. "सुतक हाय, दादा. तुमी भायेर कशाला पडलात?"

"डायलिसिसला सुतक असतं का? बस, उशीर होतो."

ती बसली. अल्पेश बसला. काशिनाथला गिअर नीट जमत नव्हता. गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा चालू झाली. फाटा मागं पडला.

मग तो आरशात न बघता म्हणाला, "तितं बाकडा हाय ना भायेर? श्रीपत बसायचा तो?"

"आहे," अल्पेश म्हणाला.

"किती येल लागतो तुना?"

"चार तास."

"मंग येल हाय. तुझा फोन मना दे आनि तो फारम कसा भरायचा ते दाखव." त्यानं ब्रेक मारला, समोर गुरं आडवी आली होती. ती जाईपर्यंत तो थांबला. "घरी आधी सांगून आयलोय."